मोघ्यांचा शेरा

यज्ञेश्वर मोघ्यांच्या हिशेबाने जगात माणसं दोनच प्रकारची होती, विचार करणारी आणि नुसता पगार घेणारी. पहिल्या प्रकारात ते स्वतः मोडत. तिथे आणखी कोणाला जागा करून द्यावी असं इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना क्वचितच वाटलं, आणि ज्यांच्याबद्दल वाटलं त्यांना ते कळू देण्याचा गाढवपणा त्यांनी कधी केला नाही.

कोथरूडमध्ये मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. मोघे रोज सकाळी सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघत, पौड रस्त्याच्या कोंडीत अडकत, आणि मान वर करून एकेका खांबाकडे बघत 'हा पडणार' असं मनाशी म्हणत. एकही खांब पडला नाही. म्हणून मोघ्यांनी आपलं मत बदललं असंही झालं नाही.

त्यांचं ऑफिस कोथरूडच्या एका गल्लीत होतं. खाली पोळी-भाजी केंद्र, वर स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि मधल्या दोन मजल्यांवर ही कंपनी. मोठमोठ्या संस्थांचा डेटा साठवायचे बॉक्स कंपनी बनवायची, आणि त्या बॉक्सचा ड्रायव्हर मोघ्यांकडे होता. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्यामधला दुभाषा. कॉम्प्युटर म्हणतो ते डिस्कला कळेल अशा भाषेत सांगायचं आणि डिस्क कण्हली-कुंथली तर ते कॉम्प्युटरला समजावायचं. हा दुभाषा मोघ्यांनी पहिल्या ओळीपासून लिहिला होता. त्यांना मूलबाळ नव्हतं. ड्रायव्हरबद्दल ते ज्या सुरात बोलत तो ऐकून त्यांच्या पत्नी श्यामलाबाई म्हणत, "याचं बारसं तेवढं राहिलं."

कंपनीत एकाने केलेला बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नसे. तपासणाऱ्याने चूक कुठे आहे ते लिहायचं, चूक मोठी असेल तर 'अडवा' हे बटण दाबायचं आणि खाली कारण द्यायचं, असा शिरस्ता होता. मोघे बटण दाबत नसत. कारण देणं म्हणजे ताट वाढून वर घासही भरवणं, असं त्यांचं मत. ते फक्त शेरा मारत: 'विचार करा.' बस्स. कशाचा, कुठल्या ओळीचा, काही नाही. "शहाण्याला शब्दाचा मार," ते म्हणत, "मी तर दोन देतो." कित्येक पोरं त्या दोन शब्दांपुढे डोकं धरून बसली. काही शिकली. बरीचशी नोकरी सोडून गेली, आणि मोघ्यांच्या मते ती जिथे गेली तीच त्यांची लायकी होती.

ही सवय ऑफिसपुरती होती असंही नाही. त्याच सुमाराला त्यांच्या इमारतीत एक प्रकार घडला. तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यात नळाचं काम निघालं, म्हणून दवाखान्याच्या माणसाने इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. त्याच सकाळी श्यामलाबाईंनी स्वयंपाकघरातला पाइप बदलायला संपत प्लंबरला बोलावलं होतं. संपतने खाली बघितलं, व्हॉल्व्ह बंदच आहे, बरं झालं म्हणत तो वर आला आणि त्याने पाइप खोलला. इकडे दवाखान्यातलं काम उरकलं. तिथला माणूस व्हॉल्व्ह उघडायला आला, तेव्हा मोघे जिन्यात उभे होते. आपल्या स्वयंपाकघरात पाइप उघडा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्हॉल्व्ह एक आणि त्याच्या भरवशावर बसलेले दोघे, हेही त्यांच्या एका क्षणात ध्यानात आलं. ते त्या माणसाला म्हणाले, "विचार करून हात लावा." त्याने म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं, पुण्यात जिन्यात उभे असलेले म्हातारे असंच काहीतरी बोलतात हे त्याला माहीत होतं, आणि व्हॉल्व्ह उघडला.

वर संपत नखशिखान्त भिजला. पिठाचा डबा गेला, ओट्याखालची डाळ-तांदळाची बरणी गेली. श्यामलाबाई पदर खोचून पाणी काढत असताना मोघे वर आले आणि त्यांनी घडलेलं सगळं अगदी रसाने सांगितलं.

"म्हणजे तुम्ही पाहत होतात?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"तर! पाहत काय, मी त्याला सांगितलंही."

"काय सांगितलंत?"

"विचार कर म्हणून."

"अहो, 'थांब, वर काम चाललंय,' एवढं बोलायला काय तोंडात मूग होते?"

"त्याला स्वतःला कळायला नको?"

"त्याला कळेपर्यंत माझं पीठ भिजलं ना," श्यामलाबाई म्हणाल्या आणि फडकं पिळून त्यांच्या हातात दिलं. मोघ्यांनी ते फडकं कट्ट्यावर ठेवलं. हे काम विचार करणाऱ्यांचं नव्हतं.

ऑफिसात त्यांचा साहेब मच्छिंद्र पोकळे. धायरीला पोकळ्यांच्या रानात ज्वारीऐवजी इमारती उगवू लागल्या तेव्हा घरात जी सुबत्ता आली, तिच्यावर मच्छिंद्र इंजिनिअर झाला, मग एमबीए झाला, मग मोघ्यांचा साहेब झाला. यातलं पहिलं मोघ्यांनी त्याला माफ केलं होतं. तो मोठी गाडी घेऊन येई आणि ती खालच्या पोळी-भाजी केंद्रासमोर आडवी लावी. मीटिंगमध्ये इंग्रजी बोले आणि चिडला की गावचं बोले. मोघे त्याला कटाक्षाने 'आपण' म्हणत. पुण्यात 'आपण' म्हणून माणसाला किती खाली बसवता येतं ते पुणेकरालाच ठाऊक.

आणि उल्का. हाताखालच्या सात-आठ जणांत मोघ्यांना मनातून मान्य असलेली ती एकटी. कोथरूडचीच मुलगी, तिशीची. शेरा वाचून रडली नाही, सोडून गेली नाही, पुन्हा पुन्हा वाचून चूक शोधून आणायची. मोघे एका वर्षात निवृत्त होणार होते. वरच्यांनी कळवलं होतं: स्कॅन आणि एक्स-रेच्या तपासणी केंद्रांची एक मोठी साखळी आपले बॉक्स घेणार आहे, त्यांची चाचणी नीट पार पडली तर ड्रायव्हर पुण्यातच राहील आणि मोघ्यांनंतर तो उल्काकडे जाईल. चाचणी फसली तर हे सगळं काम हैदराबादच्या ऑफिसला. मोघ्यांना आयुष्यात फार थोड्या गोष्टी मनापासून हव्या होत्या, आणि ड्रायव्हर उल्काच्या हातात, पुण्यात, आपल्या डोळ्यांसमोर राहावा ही त्यांतली पहिली. हे त्यांनी उल्काला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? तिला कळत असेलच.

चाचणीच्या आधी एक जुनं दुखणं होतं. डिस्कपुढे दोन रांगा असतात. एक साध्या मागण्यांची: हे वाच, ते लिही. दुसरी कारभाराची: तब्येत कशी आहे सांग, अडखळली असशील तर सगळं सोडून पहिल्यापासून उभी राहा, तुझ्या पोटातली आज्ञावली जुनी झाली, ही नवी घे. कारभाराची रांग छोटी, पण तिचा शब्द मोठा. तिचं काम चालू असताना साध्या रांगेला थांबवावं लागतं आणि काम संपलं की सोडावं लागतं. थांबवणं कोणालाही जमतं. सोडायचं कधी, तिथे भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. या बॉक्समध्ये दोन्ही रांगा कधी कधी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायच्या, दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत खोळंबलेल्या पाहुण्यांसारख्या, आणि सगळा बॉक्स गप्प व्हायचा.

उल्काने ते दुखणं बरं केलं. तिने दोन्ही रांगांच्या वाटा वेगळ्या केल्या आणि साध्या रांगेच्या तोंडाशी 'थांबा' अशी एक खूण ठेवली. कारभाराचं काम सुरू झालं की खूण लावायची, संपलं की काढायची. स्वच्छ, नेटकं काम होतं. मोघ्यांनी ते सकाळच्या चहाबरोबर वाचायला घेतलं आणि चहा निवायच्या आत त्यांना चूक दिसली.

खूण एकच होती आणि लावणारे दोन. आज्ञावली बदलणाराही तीच लावत होता, आणि अडखळलेली डिस्क पुन्हा उभी करणाराही तीच. आज्ञावली अर्धी बदललेली असताना डिस्क अडखळली, तर तिला उभी करणारा आपलं काम उरकून खूण काढून टाकणार, दुसऱ्याचं काम अजून चालू आहे याची त्याला खबरच नाही. आणि साध्या मागण्या धो धो आत. दवाखान्याचा माणूस, संपत आणि पिठाचा डबा! मोघ्यांना हसू आलं. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि शेरा लिहिला: 'विचार करा.'

थोड्या वेळाने उल्का त्यांच्या टेबलाशी आली.

"सर, कशाचा विचार करू?"

"तेही मीच सांगायचं?"

"मी केला, सर. अडकणं थांबलंय. सगळ्या टेस्ट पास झाल्यात."

"टेस्ट कोणी लिहिल्या?"

"मीच."

"वा! स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि पैकीच्या पैकी मार्कही स्वतःच द्यायचे. शिक्षण मंडळाला कळवायला हवं, त्यांचा बराच खर्च वाचेल."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. उल्का हसली नाही. "सर, सोमवारी ते लोक येतायत. काही दिसलं असेल तर सांगा ना. मी लगेच दुरुस्त करते. शिकवणी नंतर घ्या हवी तर."

शिकवणी नंतर घ्या! मोघ्यांना हे वाक्य आवडलं. क्षणभर त्यांच्या जिभेवर आलंही, की अगं, खूण एक आहे आणि लावणारे दोन. एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं की संपलं. फुकट मिळालेल्या गोष्टीची कोणाला किंमत असते? शिवाय शेजारचे ते हसणारे ठोंबे ऐकत होते, त्यांनाही आयतं मिळालं असतं.

"चष्मा पूस आणि पुन्हा वाच," मोघे म्हणाले.

उल्का आपल्या जागी गेली. दुपारी मच्छिंद्र आला.

"सर, उल्काच्या पॅचवर, या नव्या बदलावर, तुमचं यस हाय का नो हाय?"

"शेरा वाचता येतो ना आपल्याला?"

"वाचला. 'विचार करा.' आता मी विचार करून काय उजेड पाडणार हाय, सांगा? तुम्ही 'अडवा' दाबलं असतं तर मी बिनबोभाट थांबलो असतो. दाबलं न्हाई. चूक दिसली का तुम्हाला?"

"ज्याला दिसायची त्याला दिसते."

"मग दाबा ना बटण! दोन ओळी लिवा."

"आपण साहेब आहात. निर्णय आपले. आम्ही आपले शेरे मारणारे."

मच्छिंद्र म्हणाला, "ठीक हाय. बटण न्हाई म्हणजे हरकत न्हाई. पॅच घेतो मी." आणि त्याने तो घेतला. नियमाप्रमाणे त्याचं काही चुकलं नव्हतं, आणि हेच मोघ्यांना सर्वांत हास्यास्पद वाटलं. अडाणी माणसाच्या हाती नियम म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं ते स्वतःशी म्हणाले. कोलीत आपण दिलं हे त्यांच्या मनातही आलं नाही.

शनिवारी ऑफिस रिकामं असतं. मोघे मुद्दाम आले. त्यांनी एका बॉक्समध्ये नवी आज्ञावली घालायला सुरुवात केली आणि मध्येच डिस्कला अडखळवलं. बॉक्स हां हां म्हणता आडवा झाला. इतका आनंद त्यांना बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. मग त्यांनी उपायही लिहिला: नुसती खूण नको, मोजणी ठेवायची. जितक्या जणांनी थांबवलं तितक्यांनी सोडलं पाहिजे. मोजणी शून्यावर आली की मगच रांग हलेल. चार ओळींचं काम होतं. ते त्यांनी आपल्याच लॅपटॉपवर ठेवून दिलं.

सोमवारी धोका आहे असं त्यांना वाटत नव्हतं. चाचणीत काय काय तपासणार ते त्यांनी पाहिलं होतं. डिस्क अडखळवणं होतं, आज्ञावली बदलणं होतं, पण दोन्ही एकदम कुठेच नव्हतं. पाहुणेही बाकीच्यांसारखेच, नेमून दिलेलं करणारे आणि पगार घेणारे. चाचणी पार पडेल, ड्रायव्हर पुण्यात राहील, मग मंगळवारी आपण उल्काला बोलावू, बॉक्स तिच्यासमोर आडवा करू आणि म्हणू, बघ. मच्छिंद्रलाही बोलावू. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

रविवारी जेवताना त्यांनी हे सगळं श्यामलाबाईंना सांगितलं.

"म्हणजे आपल्या नळाचंच झालं की," त्या म्हणाल्या. "सांगितलंत त्या मुलीला?"

"मंगळवारी सांगणार."

"का? मंगळवारी काय मुहूर्त आहे?"

मोघ्यांनी आमटी भुरकली.

"अहो, त्या दवाखान्यातल्या माणसाला तुम्ही ओळखत तरी नव्हता," श्यामलाबाई म्हणाल्या. "ही तुमचीच ना?"

"तुला त्यातलं कळायचं नाही," मोघे म्हणाले आणि त्यांनी भात मागितला.

सोमवारी तपासणी केंद्रांच्या वासंती भुस्कुटे आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मोघ्यांनी पिशवीकडे बघून त्यांची किंमत ठरवून टाकली आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. उल्का पुढे उभी राहून एकेक चाचणी करून दाखवत होती. डिस्क अडखळवली, सावरली. आज्ञावली बदलली, बदलली गेली. पडद्यावर एका छातीचा स्कॅन सतत उमटत होता, तो कुठेही थांबला नाही. मच्छिंद्रने समोशांची ऑर्डर द्यायला फोन काढला.

"आता मला जरा ते परत करून दाखवा," वासंतीबाई म्हणाल्या. "आज्ञावलीचं."

उल्काने सुरू केलं. वासंतीबाई उठल्या, बॉक्सच्या मागे गेल्या, आणि त्यांनी डिस्ककडे जाणारी केबल उपसून पुन्हा खोचली.

"मॅडम!" मच्छिंद्र ओरडला. "हे टेस्टमध्ये नाहीये!"

"नसेल. आमच्या केंद्रात तुळजाबाई रोज झाडतात आणि रोज त्यांचा झाडू ह्याच वायरीत अडकतो. तुमच्या टेस्टमध्ये तुळजाबाई कुठे आहेत?"

मोघे खुर्चीत ताठ बसले. अरे, ही तर विचार करणारी निघाली! मग त्यांनी पडद्याकडे बघितलं. छातीचा वरचा अर्धा भाग उमटला होता. खालचा अर्धा राखाडी होता आणि राखाडीच राहिला. पुढचा स्कॅन आलाच नाही.

उल्काने भराभर नोंदी उघडल्या. तिला फार वेळ लागला नाही. "खूण एकच आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "लावणारे दोन आहेत." आणि ती वळली. वासंतीबाईंकडे नाही, मच्छिंद्रकडे नाही, मागच्या खुर्चीकडे. या नजरेची मोघ्यांनी दोन दिवस वाट पाहिली होती. शिष्याला अखेर उमजतं तेव्हाची नजर त्यांनी मनात रंगवली होती. ही तशी नव्हती. 'हेच होतं ना?' एवढंच ती विचारत होती, आणि उत्तर तिला मिळालंही होतं.

मोघे उठले. लॅपटॉप घेऊन पुढे आले. "याचा उपाय माझ्याकडे तयार आहे," ते म्हणाले आणि त्यांनी त्या चार ओळी चढवल्या. वासंतीबाईंनी पुन्हा केबल उपसली, पुन्हा खोचली. छाती पूर्ण उमटली. एकदा, दोनदा, पाहिजे तितक्या वेळा. मच्छिंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला. मोघ्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि कौतुक ऐकून घ्यायच्या तयारीने उभे राहिले.

"छान," वासंतीबाई म्हणाल्या. "इतक्यात लिहिलात?"

"शनिवारी."

"म्हणजे चूक तुम्हाला आधीच दिसली होती."

"पहिल्या वाचनात."

"मग ह्यांना सांगितलं नाहीत?" त्यांनी उल्काकडे हात केला.

"लेखी शेरा दिला होता."

"काय होता?"

मोघे काही बोलायच्या आत मच्छिंद्र म्हणाला, "विचार करा."

"आणि पुढे?"

"पुढे काय न्हाई, मॅडम. एवढंच असतंय."

वासंतीबाई खाली बसल्या. पाण्याचा ग्लास घेतला, प्यायल्या. आवाज अजिबात न चढवता त्या बोलल्या. "चूक सगळ्यांच्याच मालात निघते. दुरुस्त होते. त्याचं मला काही नाही. पण उद्या हा बॉक्स आमच्याकडे अडला, बाहेर पेशंट बसलेत आणि मी इथे फोन केला, तर तो ह्या गृहस्थांकडेच येणार. ते मला काय सांगतील?"

उत्तर नुकतंच सगळ्यांनी ऐकलं होतं. समोसे आले ते तसेच राहिले.

नकार रीतसर आला. त्यामागोमाग वरच्यांचं पत्र आलं आणि ड्रायव्हरचं काम हैदराबादला गेलं. मच्छिंद्रने ओरडाआरडा केला नाही. तो मोघ्यांच्या टेबलाशी आला आणि खिडकीतून मेट्रोच्या खांबाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडं म्हणतात, सर, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुमच्या बैलामागं आमचंबी रान पडीक पडलं." मोघ्यांना एरवी या म्हणीवर बरंच काही बोलता आलं असतं.

उल्का ड्रायव्हरबरोबर हैदराबादला जाणार असं ठरलं. नवरा इथे, आई इथे, तरी ती निघाली, कारण काम तिकडे गेलं होतं. शेवटच्या दिवशी ती टेबल आवरत असताना मोघे तिच्यापाशी येऊन उभे राहिले. हातात चहाचा कप, उगीचच.

"तुझं काम एरवी चांगलं होतं," ते म्हणाले. "आधीही चांगलंच असायचं."

उल्का थांबली. "हे मला माहीत नव्हतं, सर."

"मला वाटलं, कळत असेल."

"कशावरून कळणार?"

'तू विचार करायला हवा होतास' हे उत्तर मोघ्यांच्या तोंडापर्यंत आलं, आणि पहिल्यांदाच ते त्यांना मूर्खपणाचं वाटलं. उल्काने खोका उचलला, वाकून नमस्कार केला आणि गेली.

पुढचे महिने मोघ्यांना सल्लागार करून ठेवलं होतं. सल्ला विचारायला कोणी येत नसे. त्या चार ओळी तेवढ्या बाकी होत्या. चाचणीच्या दिवशी घाईने चढवलेल्या, रीतसर तपासून आत घ्यायच्या राहिलेल्या. मोघ्यांनी त्या तपासणीला पाठवल्या, हैदराबादला, उल्काकडे. मनात म्हणाले, यात ती काय शोधणार? चार तर ओळी आहेत. आणि मग त्यांना दुसरंच वाटलं. ती आता शेरा मारील. तेच दोन शब्द. मारायलाच हवा, तिच्या जागी असते तर त्यांनीही हेच केलं असतं. त्या दिवशी दिवसभर ते दर थोड्या वेळाने उत्तर आलं का बघत होते आणि काय वाचावं लागणार याची तयारी करत होते.

उत्तर आलं. उल्काने 'अडवा' दाबलं होतं. खाली कारण होतं.

'सर, मोजणीची कल्पना बरोबर आहे, तीच ठेवू. एक जागा राहिली आहे. आज्ञावली बदलत असताना केबल निघाली आणि परत लागलीच नाही, तर बदलणारं काम अर्ध्यातूनच परत फिरतं. तेव्हा ते आपण थांबवलेली रांग सोडत नाही. मोजणी शून्यावर कधीच येत नाही आणि साध्या मागण्या कायमच्या उभ्या राहतात. नळ बंद करून प्लंबर निघून गेल्यासारखं. अर्ध्यातून परत फिरण्याच्या वाटेवरही मोजणी एकने कमी करायला हवी. ओळ कुठे घालायची ते खाली दाखवलं आहे, आणि मी करून पाहिलं, चालतं. ही चूक माझ्याकडूनही झाली असती. काही अडलं तर फोन करा, सर. मी सांगते.'

मोघ्यांनी ते सगळं दोनदा वाचलं. त्यात टोमणा कुठे आहे ते शोधलं. नव्हता.